अक्षरामागची अदृश्य कचेरी

(भोपाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



भोपाळच्या भूमीवर मराठी फौज आली त्याची हकिकत आपण सर्वांनी बालपणी वाचली आहे. १७३७ सालच्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामुल्मुल्काला या शहराच्या तटबंदीत कोंडले, त्याची रसद तोडली आणि पुढच्या जानेवारीत दोराहासराईला तह करवून घेतला. परंतु ती फौज आली तशी परत गेली. आज अरेरा कॉलनीपासून तात्या टोपे नगरापर्यंत ज्या मराठी घरांतून गणपती बसतो आणि दिवाळी अंकांची वाट पाहिली जाते, त्यांपैकी पुष्कळ घरांचा इतिहास तलवारीपेक्षा लेखणीशी अधिक निगडित आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, आणि ज्या जुन्या राज्यात १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या त्या राज्याच्या सचिवालयातील कारकून, लघुलेखक आणि टंकलेखक आपली बिऱ्हाडे घेऊन या तलावांच्या काठी वस्तीला आले. ज्यांनी आयुष्यभर मसुदे लिहिले, नकला केल्या, आवक-जावक नोंदविली आणि दफ्तरे जपली, अशा माणसांच्या वंशजांपुढे मी आज बोलत आहे; म्हणून लेखनयंत्राच्या अंतरंगातील एका उपेक्षित प्रकरणाकडे आपले लक्ष वेधताना हा विषय आपणांस सर्वस्वी परका वाटणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आपण संगणकावर लेखनाचा प्रोग्राम उघडतो, पांढरे पान समोर येते, लुकलुकणारी उभी रेघ पहिल्या अक्षराची वाट पाहू लागते, आणि आपली समजूत अशी होते की आता आपण आणि ते पान यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. वस्तुस्थिती निराळी असते. त्याच क्षणी एक प्रक्रिया आपण दाबलेली प्रत्येक कळ कोणत्या भाषेची आहे याचा निवाडा करीत असते. दुसरी प्रत्येक शब्द कोशाशी ताडून पाहते. तिसरी एक ओळ वाढली की पुढच्या सर्व पानांची विभागणी नव्याने मांडते. चौथी ठराविक अवकाशाने, बहुधा दर दहा मिनिटांनी, आपल्या लेखनाची एक प्रत आपणांस न विचारता बाजूला काढून ठेवते. पाचवी नव्या आवृत्तीची चौकशी करण्यासाठी दूरदेशीच्या यंत्राशी बोलत असते. आणि छापण्याचा हुकूम सुटला की त्या कामाची रांग लावणारी प्रक्रिया त्यात सामील होते. यांतील काही कामे प्रोग्रामच्या पोटातच चालतात आणि प्रोग्राम बंद होताच संपतात. काही मात्र स्वतंत्र आहेत. प्रोग्रामने त्यांना जागे केलेले असते, पण तो मिटला तरी त्या मिटत नाहीत, आणि रात्री दिवा मालवून आपण उठलो तरी त्या आपल्या जागी बसून राहतात.

या व्यवस्थेचे स्वरूप मराठी वाचकाला समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. मराठी राज्याच्या फडात पत्र लिहविणारा एक असे, पण पत्राला लागणारे हात अनेक असत. धन्याने आशय सांगावा, चिटणिसाने मसुदा करावा, कारकुनाने मोडीत शुद्ध प्रत उतरवावी, फडणीस-मुजुमदारांनी आपापल्या अधिकारात ती रुजू करून घ्यावी, बारनिशीत तिची नोंद व्हावी आणि मग जासुदाच्या हाती ती रवाना व्हावी, असा तो क्रम होता. पत्र ज्याला पोचे त्याला यांतील एकही माणूस दिसत नसे. परंतु त्या कचेरीचा एक मोठा गुण होता, आणि आजच्या विवेचनाचा सारा भार मी त्या गुणावर ठेवणार आहे. प्रत्येक हाताची खूण त्याच कागदावर, उघड्या डोळ्यांना दिसेल अशी उमटत असे. आरंभी मुद्रा, पाठीवर बार झाल्याची नोंद आणि शेवटी लेखनसीमेचा मोर्तब, ज्याच्या पलीकडे कोणी एक अक्षरही वाढवू नये. कागद हातात घेतलेल्या कोणाही साक्षर माणसाला तो कोणाकोणाच्या हातांतून आला ते वाचता येत असे. अदृश्य सेवक असणे हा दोष नव्हे; सेवकाची खूण धन्याला न दिसता परक्याला दिसणे हा दोष होय. आपल्या यंत्रांतील प्रक्रियांकडे मी याच दृष्टीने पाहतो, आणि त्यांना ठेवावे की घालवावे हा प्रश्न मला दुसरा वाटतो. त्या कोणाच्या आज्ञेने आल्या, कोणाचे काम करतात आणि काम संपल्यावर निघून जातात की नाही, हा पहिला.

मराठीच्या बाबतीत या प्रश्नाला एक विशेष अंग आहे, आणि तेथे थोडे रेंगाळणे अवश्य आहे. विंडोजपूर्वीच्या डॉस या प्रणालीच्या काळात संगणक एका वेळी मुख्यतः एकच काम करी. वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्राम उघडला की वर्डस्टार, आणि तो बंद केला की यंत्र पुन्हा रिकामे. पुढे अन्य प्रोग्रामच्या पाठीमागे स्मृतीत दबा धरून बसणारे छोटे प्रोग्राम निघाले, पण इंग्रजी लिहिणाऱ्याला त्यांच्यावाचून काही अडत नव्हते. देवनागरी लिहिणाऱ्याचे मात्र पहिल्या दिवसापासून अडत होते. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकावर जे काम चालले होते, आणि ज्याचे दर्शन १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात घडले, त्यातून मोहन तांबे यांचे जिस्ट हे तंत्र उभे राहिले, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ते देशभर नेले. जिस्टचे कार्ड संगणकाच्या आत बसवीत. वर्डस्टार आपल्या समजुतीप्रमाणे रोमन लिपीचे संकेत हाताळीत राही. ते संकेत पडद्यावर पोचण्याच्या आत ते कार्ड त्यांची देवनागरी करी. प्रोग्रामला देवनागरीचा पत्ता नव्हता आणि लिहिणाऱ्याला कार्डाची जाणीव नव्हती. मराठी संगणकावर आली ती अशा पडद्याआडच्या दुभाष्याचा हात धरून आली, हे ध्यानात ठेवले म्हणजे पडद्याआडच्या प्रत्येक प्रक्रियेला शत्रू मानण्याची घाई आपण करणार नाही.

त्यानंतर सर्व लिप्यांसाठी एकच संकेतकोष्टक ठरविणारे युनिकोड आले. १९९१ साली त्यासाठीच्या संघटनेची रीतसर स्थापना झाली आणि देवनागरीला तिच्या कोष्टकात एकशे अठ्ठावीस स्थाने मिळाली. विंडोज २००० या प्रणालीने मराठीला प्रथमच अंगभूत स्थान दिले, आणि तिच्याबरोबर आलेला मंगल हा टंक र. कृ. जोशी या थोर मराठी सुलेखनकाराच्या हातचा होता. अक्षरे जुळविण्याचे काम आता प्रणालीतील एका विभागाकडे आले. आपण ‘किती’ हा शब्द लिहितो तेव्हा आधी क ची कळ दाबतो आणि मागून ऱ्हस्व वेलांटीची. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी उमटते. ‘कुऱ्हाड’ लिहिताना खाली बिंदू असलेला ऱ, हलन्त आणि ह यांतून तो डोळ्याच्या पापणीसारखा वळलेला रकार निर्माण होतो, जो हिंदीला लागत नाही आणि मराठीला सोडवत नाही. ही सारी मांडामांड पापणी लवण्याच्या आत कोणीतरी करीत असते, आणि ते इतके चोख असते की ते होत आहे हे कळतही नाही.

या पार्श्वभूमीवर एका विशिष्ट प्रक्रियेची कथा सांगतो, कारण आपणांपैकी अनेकांनी तिचे नाव यंत्रात चालू असलेल्या प्रक्रियांच्या यादीत पाहिले असेल आणि ते काय आहे या विचाराने काही जण बुचकळ्यातही पडले असतील. तिचे नाव सीटीएफमॉन. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा ऑफिस एक्सपी हा संच आला तेव्हा त्यातील वर्ड उघडताच ही प्रक्रिया सुरू होई आणि वर्ड बंद केल्यावरही चालू राही. नेहमीच्या कळफलकाखेरीज अन्य मार्गांनी जे लेखन यंत्रात येते, म्हणजे दुसऱ्या भाषेचा कळफलक, हस्ताक्षराने लिहिलेला मजकूर, उच्चारून सांगितलेला मजकूर, ते ज्या खिडकीत आपण काम करीत असू त्या खिडकीपर्यंत पोचविणे, आणि पडद्याच्या कडेला भाषापट्टी उभी करणे, हे तिचे काम. समोर कोणती खिडकी उघडी आहे यावर ती सतत लक्ष ठेवी, कारण तसे लक्ष ठेवल्यावाचून हे काम होत नाही.

आता असे पाहा की, ज्या देशांत माणसे जन्मभर एकाच भाषेत, एकाच लिपीत आणि एकाच कळफलकावर लिहितात, त्या देशांतील जाणकारांना ही प्रक्रिया निरुपयोगी वाटली, आणि त्यांच्यापुरते त्यांचे मत रास्त होते. लेखन संपल्यावरही न जाणारी, कोणी न बोलावता येणारी आणि खिडक्यांवर नजर ठेवणारी वस्तू संशयास्पद वाटणे स्वाभाविक होते. ती यादीतून काढून टाकण्याचे उपाय छापले गेले, दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी बसले, आणि यथावकाश आपल्याकडे येऊन पोचले. न्यू मार्केटच्या परिसरातील एका टंकलेखन-केंद्रात एका मराठी मंडळाची स्मरणिका युनिकोडमध्ये तयार होत असताना घडलेला प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. यंत्र मंद चालते म्हणून बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने आरंभी चालू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीतून सीटीएफमॉनची खूण काढली. दुसऱ्या दिवशी वर्ड उघडताच ती पुन्हा यादीत हजर झाली, कारण वर्ड तिला स्वतःच परत नोंदवून घेतो. काढलेली वस्तू परत येते म्हणजे हा व्हायरसच, असा निष्कर्ष निघाला, आणि या वेळी दुरुस्तीवाल्याने भाषांच्या रकान्यात जाऊन प्रगत लेखनसेवा बंद करण्याची चौकट भरली. प्रक्रिया खरोखरच गेली. तिच्याबरोबर भाषापट्टीही गेली, उच्चारानुसार मराठी उमटविण्याची सोय गेली, आणि छापखान्याला मजकूर द्यायचा त्या संध्याकाळी ते यंत्र इंग्रजीखेरीज काही बोलेना. त्या माणसाला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. त्याने पाळलेला सल्ला ज्यांच्यासाठी लिहिलेला होता त्यांना मराठी लिहायची नव्हती, एवढेच काय ते खरे. परक्या गरजेवरून निघालेला निर्णय आपल्या भाषेवर बजावला गेला, आणि तो बजावताना कोणी एक प्रश्नही विचारला नाही, याचे मला दुःख वाटते.

त्याच केंद्रातील शेजारच्या यंत्रावर, सीटीएफमॉन असो वा नसो, काहीच बिघडले नसते, आणि त्याचे कारणही बोधप्रद आहे. त्या यंत्रावर कोर्टाचे अर्ज कृतिदेव या टंकात लिहिले जात होते. कृतिदेवात संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. फक्त त्या अक्षरांना देवनागरीचे रूप चढविलेले असते. दुभाष्या लागत नाही, म्हणून दुभाष्या काढला तरी फरक पडत नाही. परंतु तेथे दुसरी एक पडद्याआडची सेवा घात करते. इंग्रजी वाक्याचे पहिले अक्षर मोठे असावे म्हणून वर्ड स्वतःहून दुरुस्ती करीत असतो. कृतिदेवात छोटा डी म्हणजे पूर्ण क, आणि मोठा डी म्हणजे अर्धा क्. परिच्छेदाच्या आरंभी टंकलेखकाने ‘कमल’ लिहून स्पेसबार दाबला की ती सेवा पुढे सरसावते, छोट्या डीचा मोठा डी करते, आणि कमलचे ‘क्मल’ होते. मध्य प्रदेशात टंकलेखनाचे वर्ग चालविणारे अनुभवी शिक्षक नव्या विद्यार्थ्याला प्रथम ‘ऑटोकरेक्ट बंद कर’ असे सांगतात ते याच कारणाने. संगणक-प्रवीणतेच्या सीपीसीटी या राज्यपरीक्षेला बसणारी मुले रेमिंग्टन गेल कळफलक की इनस्क्रिप्ट कळफलक याचा विचार पुष्कळ करतात. पण एक सेवा असल्यावाचून मराठी लिहिता येत नाही आणि दुसरी असल्यामुळे देवनागरी बिघडते, हा भेद त्यांना कोणी समजावून सांगितल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

येथवर मी प्रक्रियांची बाजू मांडली. आता दुसरी बाजू, आणि ती अधिक गंभीर आहे.

वर्डमध्ये एखादे पत्र उघडले की ज्या फोल्डरमध्ये ते आहे तेथेच, आरंभी तरंगचिन्ह व डॉलरचे चिन्ह असलेली एक छोटी फाइल जन्माला येते. ती लपविलेली असते. तिच्यात त्या क्षणी पत्र उघडून बसलेल्या माणसाचे नाव असते, जेणेकरून जाळ्यावरून दुसऱ्याने तेच पत्र उघडले तर ते अमुक गृहस्थांच्या हाती आहे असे त्याला सांगता यावे. पत्र बंद होताच ती पुसली जाते. वीज गेली किंवा यंत्र ‘हँग’ झाले तर ती मागे राहते, आणि दुसऱ्या दिवशी आपलेच पत्र आपणांस सांगते की ते दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात आहे. ही खूण निरुपद्रवी आहे. तिचे कार्य मला बारनिशीच्या कारकुनाइतकेच उपयुक्त वाटते. परंतु वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत शीघ्र जतन करण्याची एक सोय होती, जिच्यात बदललेला मजकूर फाइलच्या शेवटी जोडला जाई आणि खोडलेला मजकूर आतच पडून राही. पडद्यावर तो दिसत नसे. ज्याला फाइल उकलून पाहता येत होती त्याला तो वाचता येत असे. एखाद्या वरिष्ठाविषयी लिहिलेले आणि शहाणपणाने खोडलेले वाक्य त्या वरिष्ठाच्याच हाती जावे, अशी ही व्यवस्था वर्षानुवर्षे लक्षावधी यंत्रांवर चालू होती.

याच प्रकारचे एक जगप्रसिद्ध उदाहरण २००३ सालचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी ब्रिटिश सरकारने इराकविषयी एक पत्रिका वर्डच्या फाइलीच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्या फाइलीत शेवटच्या दहा वेळा ती कोणी जतन केली याची नोंद प्रोग्रामने ठेवलेली होती. ती वाचून तज्ज्ञांनी त्या पत्रिकेवर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे बाहेर काढली. पत्रिकेचा मोठा भाग एका संशोधकाच्या लेखातून उचललेला होता हे त्याच दिवसांत उघडकीस आले होते. त्यात ही भर पडली. लोकहिताच्या दृष्टीने ते उघड होणे इष्टच होते असे मी मानतो. परंतु तत्त्व पाहा: मराठी दफ्तरात जी खूण सर्वांना दिसे ती येथे पत्र लिहिणाऱ्याला दिसत नव्हती आणि तिऱ्हाइताला दिसत होती. आजच्या वर्डमध्ये दस्तऐवज तपासून अशा नोंदी काढून टाकण्याची सोय आहे. २००७ च्या संचापासून ती बरोबर येते. आपल्या मंडळांचे किती चिटणीस बाहेर पत्र पाठविण्यापूर्वी ती वापरतात, हे त्यांनीच स्वतःला विचारावे.

पडद्याआड काम करण्याची मुभा दिली की ती केवळ सज्जनांनाच मिळत नाही. वर्डच्या फाइलीत छोटे प्रोग्राम साठविता येतात आणि फाइल उघडताच ते आपोआप चालू शकतात, या सोयीचा फायदा घेऊन २६ मार्च १९९९ रोजी मेलिसा या नावाचा उपद्रव सुटला. पत्राबरोबर आलेली वर्डची फाइल ज्याने उघडली त्याच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना तीच फाइल त्याच्याच नावाने रवाना होई. मित्राचे पत्र म्हणून त्यांनी ती विश्वासाने उघडली. आजचा वर्ड अशा अंतर्गत प्रोग्रामना विचारल्याशिवाय चालू देत नाही; तरीही समोर आलेल्या पिवळ्या पट्टीवर न वाचता बोट ठेवणारी माणसे मी प्रत्येक कार्यालयात पाहतो.

ज्या सीटीएफमॉनची मी आताच कड घेतली तिच्याविषयीही एक अप्रिय सत्य सांगितले पाहिजे. २०१९ साल या प्रक्रियेच्या इतिहासात विलक्षण ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यातील विंडोज १० च्या आवृत्तीने मराठीसह दहा भारतीय भाषांना उच्चारानुसार लिहिण्याचे कळफलक अंगभूत दिले, आणि ज्या सोयीसाठी आमच्या टंकलेखकांनी इतकी वर्षे बाहेरचे प्रोग्राम आणून बसविले ती घरात आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या पथकातील टॅव्हिस ऑर्मंडी या संशोधकाने दाखवून दिले की, या प्रक्रियेशी संभाषण करण्याचा जो अंतर्गत संकेत आहे त्यात बोलणाऱ्याची ओळख पटविण्याची सोयच नाही. कोणत्याही खिडकीने येऊन मी अमुक आहे असे सांगावे आणि ते मानले जावे, अशी ती रचना होती. त्यामुळे अल्प अधिकाराचा एखादा प्रोग्राम लेखनसेवेचा वेष घेऊन अधिक अधिकाराच्या खिडकीतील मजकूर वाचू शकत होता, बदलू शकत होता आणि तिच्यावर ताबाही मिळवू शकत होता. हे द्वार जवळजवळ वीस वर्षे उघडे होते. मायक्रोसॉफ्टने त्याच ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा पहिला हप्ता काढला. माझ्या मते या घटनेतून प्रक्रिया घालवावी असा निष्कर्ष निघत नाही. आजच्या विंडोजमध्ये ती बंद पडली तर पुष्कळदा साध्या शोधाच्या चौकटीतसुद्धा अक्षर उमटत नाही. निष्कर्ष निघतो तो असा की, जो दुभाष्या सर्वांच्या खिडक्यांत वावरतो त्याची तपासणी सर्वांत कडक हवी होती. ती वीस वर्षे कोणी केली नाही, आणि ज्या भाषांचे लोक त्याच्यावर सर्वाधिक विसंबून होते त्यांनीही ती मागितली नाही.

अलीकडच्या काळात या कचेरीचे काही विभाग आपल्या घरातून उठून परदेशी गेले आहेत. शुद्धलेखन तपासणे, वाक्यरचना सुचविणे, भाषांतर करणे, बोललेले लिहून घेणे, यांतील अनेक कामे आता प्रोग्राम बनविणाऱ्या कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर होतात, म्हणजे आपला मजकूर तेथवर जातो. त्याखेरीज प्रोग्राम कसा वापरला गेला याचा अहवाल नियमाने धाडला जातो. नेदरलँड्सच्या न्यायखात्यासाठी २०१८ साली याची कसून चौकशी झाली, आणि ऑफिसचे प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या नकळत मोठ्या प्रमाणावर माहिती गोळा करतात असे त्या अहवालात निघाले. त्या सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला, कंपनीशी वाटाघाटी केल्या, आणि कंपनीला आपल्या रचनेत बदल करावे लागले. डच भाषिक मराठी भाषिकांपेक्षा संख्येने पुष्कळच थोडे आहेत. त्यांच्या सरकारने प्रश्न विचारला, म्हणून त्याचे उत्तर मिळाले. आपल्या देशात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायद्याने दिलेला हक्क बजावण्यासाठी आपल्या यंत्रात काय चालते हे ओळखता आले पाहिजे, आणि ते ओळखण्याची विद्या आपल्या भाषेत उपलब्ध पाहिजे.

ती विद्या कठीण नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि त्या क्षणी चालू असलेल्या प्रक्रियांची यादी समोर येते. अपरिचित नावावर माउसची उजवी कळ दाबून ती फाइल कोठे आहे हे विचारावे. खरी सीटीएफमॉन विंडोजच्या फोल्डरातील सिस्टिम-३२ या जागी असते. तेच नाव धारण करणारी फाइल तात्पुरत्या फाइलींच्या जागी आढळली तर ती तोतया समजावी, कारण दुष्ट प्रोग्राम प्रतिष्ठित नावे घेऊनच येतात. छपाईनंतर काही काळ रेंगाळणारी एसपीएलवाऊ-६४ ही, जुन्या घडणीच्या प्रोग्रामांचे छपाईचे काम नव्या घडणीच्या प्रणालीत पोचविणारी आहे. तिला भिण्याचे कारण नाही. ऑफिस क्लिक-टू-रन ही नव्या आवृत्त्या आणणारी सेवा आहे. ती बंद केली तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. ऑफिस ९७ बरोबर येणारी फाइंड फास्ट नावाची प्रक्रिया मात्र रिकाम्या वेळी सारी डिस्क चाळून सूची करीत बसे आणि त्या काळच्या अशक्त यंत्रांचा दम काढी. ती काढून टाकणाऱ्यांनी योग्यच केले. प्रत्येक नावाचा निवाडा असा स्वतंत्रपणे करावा लागतो. सरसकट काढणारा आणि सरसकट ठेवणारा, दोघेही चौकशीचा कंटाळा करतात.

आता शेवटचे बोलतो. मध्य प्रदेशात टंकलेखनाचे आणि संगणकाचे वर्ग चालविणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, मिनिटाला किती शब्द याच्या आधी त्यांनी विद्यार्थ्याला ही यादी उघडून दाखवावी आणि तिच्यातील एकेका नावाचा धनी ओळखायला शिकवावे. मंडळांच्या चिटणीसांना विनंती आहे की, बाहेर जाणारे प्रत्येक पत्र एकदा दस्तऐवज-तपासणीतून काढावे. आणि या सभागृहात जे तरुण अभियंते बसले आहेत त्यांच्याकडे माझे मागणे अधिक मोठे आहे. लेखनाच्या प्रोग्रामांबरोबर चालू होणाऱ्या प्रक्रियांची एक नोंदवही त्यांनी मराठीत आणि हिंदीत तयार करावी: नाव काय, जागा कोणती, कोणी सुरू केली, कोणते काम करते, काढली तर मराठी लिहिण्यात काय अडेल, आणि ठेवली तर कोणती माहिती कोठे जाईल. प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर ती तपासून सुधारावी आणि कोणालाही फुकट मिळेल अशी ठेवावी. इंग्रजीत अशा याद्या आहेत, पण त्यांत मराठीचा रकाना नाही. तो भरण्याचे काम आपल्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही. या वर्षीच त्यास आरंभ व्हावा.